येडा म्हणजे डावीकडं

वन्सं, यंदाही घरी दोन टोप्या आल्या. पिवळ्या, पुढे ‘स्वयंसेवक’ असं छापलेल्या. स्पर्धावाल्यांच्या यादीतून तुमचं नाव काढायचं कुणाला सुचलं नाही आणि मीही फोन करून सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पलीकडच्या माणसानं ‘अक्का गेल्या?’ असं तीनतीनदा विचारलं असतं आणि मला तुमच्याबद्दल चार चांगले शब्द बोलावे लागले असते. तुमच्याबद्दल चांगलं बोलायची माझ्या जिभेला सवय नाही, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक आहे? म्हणून दोन्ही टोप्या ठेवून घेतल्या. एक घातली, एक कपाटावर आहे.

तुम्हाला जाऊन दीड महिना झाला. लिंगायतांच्या रीतीप्रमाणे तुम्हाला बसवून माती दिली. मी लांबून पाहिलं. स्पर्धेच्या मैदानाच्या टोकाला लाल प्लास्टिकच्या खुर्चीत बसायचात तशाच बसला होतात, पाठ ताठ आणि हनुवटी जरा वर, आता कुणाला तरी हाक मारणार अशा. भेटायला येणारी प्रत्येक बाई मला जवळ घेऊन म्हणायची, आईसारखी नणंद गेली गं तुझी. मी मान हलवायची. मनात म्हणायची, आई कसली, सवत म्हणा. नणंदेला सवत म्हणू नये हे मलाही कळतं. पण तीस वर्षं जे वाटलं ते आज लपवून काय करू? तुम्ही तर आता सगळं बघतच असाल.

सुरुवात आमटीपासून झाली. टेंभुर्णीहून मी तुमच्या दुधनीच्या घरात आले, त्याच्या चौथ्या दिवशी आमटीत गुळाचा खडा टाकला. आमच्या आईचा हात तसा होता. तुम्ही तेव्हा नवरा गेल्यामुळं माहेरी परत आला होतात आणि स्वयंपाकघर तुमच्या हातात होतं. पळी जिभेला लावलीत आणि म्हणालात, “आमच्यात असं करत न्हाईत.” रागावून नाही, नुसतं सांगितल्यासारखं. ‘आपल्यात’ म्हणाला असतात तर मी गुळाचा डबा कायमचा उचलून ठेवला असता, आनंदानं. पण तुमचं कायम ‘आमच्यात’. आमच्यात लिंगाला असं पाणी घालतात, आमच्यात शेंगाची चटणी उखळातच कुटतात, आमच्यात जावयाला असं बोलत नाहीत. त्या ‘आमच्यात’मध्ये तुम्ही होतात, तुमचा भाऊ होता, मेलेले सासरे होते, गोठ्यातली म्हैससुद्धा होती. मी नव्हते. मला तुम्ही नावानंही हाक मारत नव्हतात, ‘ए टेंभुर्णी’ म्हणायचात. एसटीत चढवून देतायत असं वाटायचं.

आणि ते कन्नड. हे फौजेतून सुटीवर यायचे तेव्हा तुम्ही दोघं भाऊबहीण ओट्यावर बसलात की तुमचं कन्नड सुरू. मध्येच हसायचात. मला वाटायचं, हसण्यात मीच आहे. शिकायला काय, चार महिन्यांत शिकले असते. टेंभुर्णीच्या नाक्यावर वाढलेली पोर मी, तिथं ट्रकवाल्यांच्या चार भाषा कानावर पडतात. पण मी कन्नड शिकले म्हणजे मी हरले, असं मी स्वतःलाच बजावून ठेवलं होतं. तुमच्या गप्पा रंगल्या की मी मिक्सर लावायचे. तुम्हाला ते कळत होतं. एकदा म्हणालात, रोज एवढं काय वाटतेस गं, आज तर वरणच हाय.

मग सुरुंगाच्या स्फोटात तुमच्या भावाचे दोन्ही डोळे गेले आणि फौजेनं त्यांना घरी पाठवलं. आम्ही सोलापुरात आलो. नव्या पेठेत मी मॅचिंग सेंटर उघडलं, ब्लाउजपीस, अस्तर, फॉल. तुम्ही एक पत्र्याची पेटी घेऊन महिन्याभरासाठी आलात आणि अठरा वर्षं राहिलात. तुम्ही यायच्या आधी वर्षभर हे खोलीतून बाहेर यायला तयार नव्हते. मी त्यांचं कोपर धरून संडासापर्यंत न्यायची, कोपर धरून ताटावर बसवायची. मला त्यात धन्य वाटायचं, खरं सांगते. आता तरी ते माझेच, असं वाटायचं. वाईट आहे ना हे? नवऱ्याचे डोळे गेले आणि बायकोला वाटतं, चला, आता हा माझ्या हाताबाहेर जात नाही.

तुम्ही आलात आणि आठव्या दिवशी बोळाच्या तोंडाशी जाऊन उभ्या राहिलात. यांना दारात उभं केलंत. कोपर धरलं नाहीत. लांबून हाक मारलीत, “बारो तम्मा.” ये रे धाकट्या, एवढंच. आणि माझ्या डोळ्यांदेखत हा माणूस हात पुढं करून, भिंतीला चाचपत, एकेक पाऊल टाकत बोळभर चालत गेला. बोळातल्या बायका डोळ्याला पदर लावत होत्या. मी आत गेले आणि भांडी आपटली. महिनोन् महिने मी धरून जे झालं नाही ते तुम्ही सोडून करून दाखवलंत, आणि तेही मला न कळणाऱ्या भाषेत.

स्पर्धा सुरू झाली तेव्हा तरी हे माझं राहील असं मला वाटलं होतं. बातमी मीच आणली होती. लढाईत, सरावात, सीमेवर अपंग झालेल्या माजी सैनिकांच्या खेळांच्या स्पर्धा, गड्ड्याची जत्रा संपली की पुढच्या रविवारी, विजापूर रोडकडच्या एका शाळेच्या मैदानावर. घरच्या बायकांना स्वयंसेवक व्हायचं असेल तर नावं द्या, म्हणाले. मी माझं दिलं. तुमचं यांनी द्यायला लावलं.

काम कष्टाचंच असतं, पण मला आवडायचं. सगळ्यांच्या छातीवरचे नंबर मी अस्तराच्या कापडावर शिवून द्यायची. वारा सुटला की कागदाचे फाटतात, माझे कधी फाटले नाहीत. पहाटे जाऊन चुन्याच्या रेघा मारायच्या, चाकाच्या खुर्च्यांतली हवा बघायची, गोळा टाकणाऱ्याला त्याच्या उंच खुर्चीला पट्ट्यांनी घट्ट बांधायचं, गोळा गेला की उचलून परत आणायचा. कुणाचा कृत्रिम पाय घामानं सरकला तर तो काढून, पुसून, पुन्हा बसवायला हात द्यायचा. तिथं कुणी कुणाची कीव करत नाही, हे मला पहिल्याच वर्षी कळलं. गोळा जवळ पडला की बाकीचे त्याला शिव्या घालतात, जेवला नाहीस काय म्हणून. असे शिव्या खाणारे आणि हसणारे पुरुष मी आधी पाहिले नव्हते. आणि त्या सगळ्यांना कोण हवं? अक्का. एका पायाचे साताऱ्याचे हवालदार गाडीतून उतरतानाच विचारायचे, अक्कांनी चटणी आणली का? तासगावचे ते चाकाच्या खुर्चीवरचे भालाफेकवाले, त्यांचा पट्टा मी बांधला तर सैल वाटायचा, तुम्ही बांधलात की बरोबर. मी त्यांच्यासाठी रात्र रात्र नंबर शिवलेले. मला सगळे ‘अक्कांची भावजय’ म्हणायचे.

आणि ती शर्यत. ज्यांची नजर पूर्ण गेली आहे त्यांची साठ मीटर. एकेकानंच पळायचं. दोन्ही बाजूंना चुन्याची रेघ, रेघेवर पाय पडला की बाद. टोकाला घरचं एक माणूस उभं राहून आवाज देणार आणि त्या आवाजाकडं पळत यायचं. बाकी मैदानानं चूप राहायचं, शिट्टी नाही, टाळी नाही.

तुम्ही ती जागा माझ्या हातातून हिसकावून घेतलीत, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले. टेंभुर्णीला सांगितलं, शेजारी सांगितलं, दुकानात येणाऱ्या बायकांना अस्तर दाखवता दाखवता सांगितलं. बायको असताना बहीण उभी राहिली, बोला. त्याही म्हणायच्या, बाई बाई, असं कसं.

तुम्ही उभ्या राहिलात खऱ्या. एवढं मैदान गप्प, आणि तुमचा तो आवाज, दुधनीच्या शेतातून बांधापलीकडं जाणारा. “बारो मल्लू, बारो.” हे सुटले. थोडे एका बाजूला सरकले तशा तुम्ही ओरडलात, “येडा! येडा!” मग दुसऱ्या बाजूला सरकले तशा, “बला! बला!” मैदानातले निम्मे लोक हबकले. शर्यत संपते न संपते तोच पुण्याहून आलेले एक निवृत्त मेजरसाहेब तावातावानं तुमच्यापाशी पोचले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. देशासाठी डोळे दिलेल्या माणसाला तुम्ही येडा म्हणता, बला म्हणता, तुम्हाला कुणी आत घेतलं, असं सगळं त्यांनी विचारलं. तुम्ही हनुवटी वर केलीत.

“येडा म्हंजे डावीकडं, सायेब. बला म्हंजे उजवीकडं. कन्नड हाय. सोलापुरात येताना येवढं तर शिकून यायचं की.”

साहेब इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. ते पाणीही मीच दिलं. त्या दिवसापासून तुम्ही मैदानावरच्या मोठ्या व्यक्ती झालात. दरवर्षी साहेब तुम्हाला लांबूनच हाक मारायचे, काय अक्का, मी अजून येडाच का? आणि माझ्या नव्या पेठेतल्या दुकानात बायका येऊन विचारायच्या, त्या येडावाल्या अक्का तुमच्याच ना?

आता खरं काय झालं ते. सरावाला असलेले बाकीचे ते विसरूनही गेले असतील, लक्षात राहिलं फक्त तीन माणसांच्या, आणि त्यातलं एक आता गेलं. ती जागा आधी मलाच दिली होती. सकाळी सरावाला टोकाला मीच उभी होते. पलीकडं हे, छातीवर मी शिवलेला नंबर. कुणीतरी म्हणालं, बोलवा ताई. आणि माझ्या लक्षात आलं की माझ्याकडं हाकच नाही. तुम्हाला ‘मल्लू’ होतं, ‘तम्मा’ होतं. मी लग्नाच्या दिवशी उखाण्यात एकदा घेतलेलं ते नाव, पुन्हा कधी तोंडातून काढलं नाही. माझ्याकडं फक्त ‘अहो’. ते मी म्हटलं, पण चहा गाळून झाल्यावर आतून हाक मारावी तसं. एवढ्या पुरुषमाणसांसमोर गळ्याबाहेर आवाजच येईना. हे दहा पावलं आले, थांबले, मान इकडं तिकडं वळवत राहिले. तसं ते हरवल्यासारखं उभं राहणं मला बघवेना, आणि पुन्हा तोंडही उघडेना. तेव्हा तुम्ही पाण्याचा जग माझ्या हातात दिलात आणि माझ्या जागी येऊन उभ्या राहिलात. पुढं अकरा वर्षं मी तुम्हाला हिसकावून घेणारी म्हणत गावभर फिरले, आणि तुम्ही एकदाही कुणाला सांगितलं नाहीत की हिचा आवाज फुटला नव्हता. हे सांगितलं नाहीत याचाही मला रागच यायचा. तुम्ही सांगितलं असतं तर आपण समोरासमोर भांडून मोकळ्या झालो असतो.

एक भांडण मात्र मी उकरून काढलंच. येडा म्हणजे डावं, बला म्हणजे उजवं, हे मेजरसाहेबांबरोबर मलाही त्या दिवशी कळलं होतं. मग मी लक्ष ठेवू लागले. तिसऱ्या वर्षी मला सापडलं. यांनी उजवीकडं वळायला हवं तेव्हा तुम्ही येडा म्हणत होतात. तुम्ही यांच्याकडं तोंड करून उभ्या, म्हणजे तुमचा डावा हात तो यांचा उजवा. तुम्ही आपला हात बघून ओरडत होतात. मला कोण आनंद झाला. घरी आल्या आल्या मी म्हटलं, वन्सं, तुम्ही सगळं उलटं सांगताय. तुम्ही भाकरी थापत होतात.

“त्याला कळतंय की,” म्हणालात. “तुला कशाला कळाय पायजे?”

अख्खा परातीभर राग आला मला. माझ्यात आणि त्यांच्यात तुम्ही कायम डावं-उजवं केलंत, आणि ज्यांना खरं डावं-उजवं सांगायचं त्यांना उलटं सांगत होतात, असं मी बोलले. तुम्ही हसलात आणि त्यांना कन्नडमधून काहीतरी सांगितलंत. तेही हसले. मी मिक्सर लावला. त्यानंतर दरवर्षी मी तो विषय काढायची, तुम्ही तेच उत्तर द्यायचात, आणि हे दरवर्षी चुकीच्या हाकेवर सरळ पळत यायचे. ते कसं, हे विचारायला मला कमीपणा वाटायचा.

दवाखान्यातल्या शेवटच्या आठवड्यात तुमचे डोळे हळदीसारखे झाले होते. मी मोसंबीचा रस घेऊन बसले होते. तुम्ही मध्येच म्हणालात, “सुनंदा, येडा-बला येवढं शिकून घे. मी हाय तोवर सांगते.” तीस वर्षांत तुम्ही माझं नाव मोजून चार-पाच वेळा घेतलं असेल. त्यातली ही एक. आणि मी काय म्हणाले? मला मराठी येतंय, तेवढं पुरे आहे. तुम्ही तोंड भिंतीकडं केलंत. थकवा होता की राग, मला कळलं नाही. मला वाटलं उद्या बोलू. उद्या उजाडला तेव्हा तुम्हाला बोलता येत नव्हतं. वन्सं, त्या एका वाक्यासाठी मी रोज स्वतःच्या तोंडात मारून घेते. शिकवणार होतात ते नुसतं डावं-उजवं नव्हतं, हे मला आता कळतंय. तुम्ही तुमची जागा द्यायला निघाला होतात आणि मी फुशारकी मारत बसले.

तुमच्यामागं हे पुन्हा खोलीत बसू लागले. दुकानात तेवढे यायचे, अस्तर हातानं मोजून द्यायचे, त्यात बोटभर चूक नाही, पण बोलणं नाही. टोप्या आल्या तेव्हा म्हणाले, यंदा नको. हाक कोण मारणार? मी भाजी निवडत होते. समोर बसलेल्या माणसानं मला विचारलंसुद्धा नाही, की तू मारशील का. मी म्हटलं, मी मारणार. ते म्हणाले, तुला व्हईल? मी म्हटलं, का नाही होणार, तुमच्या अक्कांना काय घसा जास्तीचा होता काय? बोलून गेले आणि जीभ चावली. पण ते किंचित हसले. तुम्ही गेल्यानंतरचं पहिलं.

मग मी घोकायला बसले. शेजारच्या अक्कलकोटच्या बाईंकडून उच्चार घटवून घेतले. आणि तुमच्यासारखी चूक करायची नाही, हे मनाशी पक्कं केलं. मी समोर उभी, म्हणजे माझा उजवा तो त्यांचा डावा. ते उजवीकडं सरकले की येडा, डावीकडं सरकले की बला. दुकानात गिऱ्हाईक नसलं की मी काउंटरवर दोन बोटं चालवत हे पाठ करायची. सकाळी लवकर, मैदान रिकामं असताना, आम्ही सरावाला गेलो. मी तुमच्या जागी उभी राहिले. हाक मारली. कुणी नव्हतं म्हणून आवाज निघाला. हे पळत सुटले, जरा उजवीकडं झुकले. मी अगदी बरोबर ओरडले, येडा! ते आणखी उजवीकडं गेले. मी जोरात ओरडले, येडा! ते तसेच रेघ ओलांडून लांब उडीच्या वाळूत गुडघ्यावर पडले.

मी धावले. लागलं नव्हतं. वाळूत बसून ते हसत होते, आणि हसता हसता कधी रडू लागले ते मला कळलं नाही.

“तू बरोबर बोललीस,” म्हणाले. “तितंच चुकलं.”

मग त्यांनी सांगितलं. ते तीन-चार वर्षांचे असताना तुम्ही त्यांना डावं-उजवं शिकवलंत. समोर उभ्या राहिलात, उजवा हात वर केलात आणि म्हणालात, बला. त्यांनी तुमच्यासमोरचा हात वर केला, म्हणजे डावा. तुम्ही म्हणालात, शाब्बास. तेव्हापासून कन्नडमध्ये त्यांचं डावं ते उजवं. फौजेत कवायत हिंदीतून होती म्हणून निभावलं. पण येडा ऐकलं की आजही त्यांचा पाय उजवीकडंच पडतो. तुम्ही समोरून उलटं ओरडायचात, ते आतून उलटं ऐकायचे आणि बरोबर माझ्या डोळ्यांसमोर सरळ रेघ मारल्यासारखे पळत यायचे. ब्लाउजपीसला अस्तर मिळावं तशी तुमची चूक त्यांच्या चुकीला मिळाली होती.

वन्सं, मी त्या वाळूच्या कडेला बसून राहिले. त्यांचं सांत्वन केलं, वाळू झटकली, पण मनातून जळत होते. चूकसुद्धा तुमच्या दोघांची होती. माझ्या वाट्याला काय, तर बरोबर उत्तर, आणि त्यानं माणूस तोंडावर पडतो. तीस वर्षं मी कन्नड हीच भिंत समजत होते. भिंतीपलीकडं पोचले तर तिथं तुमचं अजून एक घर निघालं, आणि त्याची किल्ली तुम्ही बरोबर नेलीत. दवाखान्यात तुम्ही हेच सांगणार होतात ना?

परवा रविवारी स्पर्धा झाली. साताऱ्याचे हवालदार गाडीतून उतरले आणि चटणीचं विचारणार एवढ्यात माझा चेहरा बघून थांबले. मी डबा पुढं केला. तुमच्यासारखी झाली नव्हती, पण त्यांनी खाल्ली. तासगावच्या भालाफेकवाल्यांनी पट्टा बांधायला मलाच बोलावलं आणि सैल असूनही काही बोलले नाहीत. मेजरसाहेब आता येत नाहीत. तुमची लाल खुर्ची कुणीतरी नेहमीसारखी टोकाला आणून ठेवली होती. मी तिच्यावर बसले नाही, शेजारी उभी राहिले.

कन्नड बोलायचं नाही असं मी ठरवलं होतं. ते तुमचं, तुमच्याजवळच राहू दे. माझं जे आहे त्यानंच बोलवायचं. यांना तसं सांगितलं, ते म्हणाले, बरं. निवेदकानं मैदानाला गप्प राहायला सांगितलं. पलीकडं हे उभे, मान जरा वाकडी करून कान लावलेले. मी डोळे मिटले आणि ओरडले, “अहो!”

आवाज फुटला. इतका फुटला की मंडपाखालचे चार-पाच माजी सैनिक दचकून वळले, प्रत्येकाला आपलीच बायको बोलावतेय असं वाटलं. मी थांबले नाही. अहो, अहो, अहो. डोळे उघडले तर हे पळत होते, वन्सं. माझ्याकडं. अकरा वर्षं मी ते पळणं बाजूनं पाहिलं होतं, समोरून कधीच नाही. समोरून ते कसं दिसतं हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत. माणसाचं अख्खं तोंड आपल्याकडं येत असतं, काही न बघता. हे सगळं तुम्ही इतकी वर्षं एकटीनं घेतलंत, या विचारानं मला तेवढ्यातही तुमचा हेवा वाटला.

आणि अर्ध्यात ते डावीकडं सरकू लागले. चुन्याची रेघ दोन पावलांवर. ‘अहो’मध्ये डावं-उजवं नसतं. ‘उजवीकडं’ म्हणायला हवं होतं, साधं मराठी, माझं स्वतःचं. ते आठवलंच नाही. माझा डावा हात आपोआप वर गेला आणि तोंडातून निघालं, “येडा! येडा!”

तुमचं येडा. उलटं.

ते उजवीकडं वळले, रेघेपासून सुटले आणि सरळ येऊन माझ्यावर आदळले. आम्ही दोघं तुमच्या खुर्चीवर कोसळलो. खुर्चीचा एक पाय मोडला. नंबर काही आला नाही, पाच जणांत चौथे.

निवेदक यंदा नवा होता, नागपूरकडचा. माईक बंद करून तो जवळ आला आणि हळू आवाजात, मला वाईट वाटू नये अशा बेतानं म्हणाला, की ताई, माफ करा, पण सैनिक आहेत ते, आणि तुमचे यजमान, त्यांना असं सगळ्यांसमोर येडा म्हणणं बरं दिसत नाही. मी पदर सावरला. हनुवटी वर गेली असणार, मला जाणवलं.

“येडा म्हणजे डावीकडं, साहेब,” मी म्हटलं. “कन्नड आहे.”

तो ओशाळून गेला. हे अजून धापा टाकत होते. माझं कोपर त्यांनी धरलं होतं. डोकं माझ्या कानाशी आणून, त्या माणसाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाले,

“आपल्यात उजवीकडं.”

‘आपल्यात’ म्हणाले, वन्सं. त्यात तुम्ही होतातच. पण मीही होते.